विजेचे बिल गच्चीवर ठरते

होळी जळाली, थंडी पळाली. ही म्हण शहरात राहणाऱ्यांनाही पाठ असते. मात्र थंडी पळाल्यानंतरची तजवीज शहरी घरांत वेगळ्या रीतीने होते. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, एसीच्या देखभालीसाठी कारागिराला फोन जातो, आणि ज्या घरात यांपैकी काहीच नाही त्या घरात ‘यंदा तरी एसी घ्यायचा का?’ हा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर निघतो. हप्त्यांची सोय आहे, दुकानदार घरी येऊन बसवून देतो, त्यामुळे उत्तर बहुधा होकाराचेच असते. या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र निघत नाही. मुळात घर इतके तापते का, हे कोणी विचारत नाही.

त्यानंतरचे नाटकही ठरलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांची बिले हाती पडतात, वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांना धार चढते, वीज कार्यालयांसमोर ‘मीटर फास्ट आहे’ अशा तक्रारींच्या रांगा लागतात, लोकप्रतिनिधी निवेदने देतात. यातील संताप अगदीच अनाठायी असतो असे नाही. महाराष्ट्रातील घरगुती विजेचे दर देशातील चढ्या दरांपैकी आहेत आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहेच. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाच्या सरी येतात, एसी बंद होतात, आणि सगळा विषय पावसाबरोबर वाहून जातो. जी चर्चा फाल्गुनात व्हायला हवी ती ज्येष्ठात होते, म्हणून ती निष्फळ ठरते.

बिलाच्या कागदावर जे आकडे असतात ते किती घरांत वाचले जातात? स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी ती यादी सामान्य गृहस्थाला किचकट वाटते आणि तो थेट शेवटच्या रकमेकडे पाहतो. त्या यादीत उन्हाळ्याच्या बिलाचे खरे मर्म लपलेले आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला सर्व युनिटे एकाच भावाने मिळत नाहीत. पहिली १००, त्यापुढील ३०० पर्यंतची, मग ५०० पर्यंतची आणि ५०० च्या वरची, असे टप्पे राज्य वीज नियामक आयोगाने आखून दिले आहेत. वीज आकार आणि वहन आकार एकत्र धरले तर दुसऱ्या टप्प्यातील युनिट पहिल्या टप्प्यातील युनिटाच्या सुमारे दुप्पट भावाने पडते. तिसऱ्या टप्प्यात भाव आणखी चढतो. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. टप्पा ओलांडला की आधीची सगळी युनिटेही महाग होतात, असा एक समज सर्वत्र पसरलेला आहे. तो खरा नाही. पहिली १०० युनिटे सर्वांनाच पहिल्या भावाने मिळतात. महाग असतात ती शेवटची युनिटे.

याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने समजून घेता येतो. हिवाळ्यात महिन्याला १२० युनिटे लागणारे एक चार माणसांचे घर आहे. उन्हाळ्यात तेथे दीड टनाचा एसी लागला आणि तो रात्री सात-आठ युनिटे वीज घेऊ लागला, तर महिन्याला त्याची सव्वादोनशे युनिटे होतात. एकूण वापर ३४५ वर जातो. म्हणजे वापर तिपटीच्या आतच राहिला. बिल मात्र चौपटीच्या घरात पोहोचते. मीटर वेगाने पळत नाही, टप्प्यांची ही पायरी चढते. हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे. पायरी उतरताना प्रथम सुटतात ती सर्वांत महाग युनिटे. उन्हाळ्यात टाळलेले एक युनिट म्हणूनच पहिल्या टप्प्यातील दोन युनिटांच्या, कधी त्याहूनही अधिक मोलाचे असते.

मग ही युनिटे टाळायची कोठे? काटकसरीच्या जुन्या संस्कारात वाढलेल्या घरांत याचे उत्तर ठरलेले आहे: दिवे मालवा. ‘कोणी नाही त्या खोलीत दिवा कशाला?’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू येते, आणि साठ किंवा शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ते योग्यही होते. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली, तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे देशभर पोहोचले आणि साठ वॉटचे काम नऊ वॉटवर आले. या नऊ वॉटच्या दिव्याचा हिशेब करून पाहावा. दीड टनी एसी एका रात्रीत जेवढी वीज घेतो, तेवढ्यात हा दिवा रोज पाच तास या गतीने साडेपाच महिने जळतो. दिवा मालवण्याची सवय सोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण दिव्यावर लक्ष आणि छताकडे पाठ, हा काटकसरीचा उफराटा मार्ग झाला.

छत हा या विषयाचा गाभा आहे. चैत्र-वैशाखात सूर्य महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. भिंतींना तिरपे ऊन लागते, गच्चीला मात्र ते सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत सरळ झेलावे लागते. साडेचार-पाच इंची सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब ही उष्णता दिवसभर पिऊन घेतो आणि सूर्यास्तानंतर घरात सोडू लागतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा अनुभव असा की बाहेर वारा सुटलेला असतो, गच्चीवर बसवते, पण खोलीत पाऊल ठेवले की भट्टीत आल्यासारखे वाटते. पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली लोटतो. अशा खोलीत एसी लावला की तो प्रथम काही तास खोलीतील माणसांना थंड करण्याऐवजी स्लॅबशी झुंजत राहतो. ग्राहक त्या झुंजीचे पैसे मोजतो.

याला राष्ट्रीय पातळीवरची एक बाजूही आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गीगावॉटवर पोहोचली, तोवरचा तो उच्चांक होता. दुपारच्या वेळी सौर प्रकल्प भरात असल्याने ती मागणी भागविता आली. अवघड असते ती रात्र. सूर्य मावळलेला, सौरवीज थांबलेली आणि त्याच वेळी तापलेल्या स्लॅबखालचे लाखो एसी सुरू झालेले. ही मागणी प्रामुख्याने कोळशाच्या जिवावर भागवावी लागते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातून वीज राज्यभर जाते आणि त्याच चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाईचे राहिलेले नाही, हा विरोधाभास त्या शहराने मुकाट सोसला आहे.

पूर्वजांना उष्णतेचे शास्त्र सूत्ररूपाने ठाऊक होते की नव्हते, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यांच्या घरांनी उत्तर दिलेलेच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय आहे, आणि ग्रीष्मात काय खावे-प्यावे याबरोबरच कोठे राहावे, याचाही विचार त्यात केलेला आहे. महाराष्ट्रातील गवंडी-सुतारांनी तो विचार प्रदेशाप्रदेशाच्या हवेप्रमाणे बांधून दाखविला. सोलापूर, लातूर, धाराशिव या पट्ट्यातील माळवदी घरांत लाकडी तुळया आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दाबलेला असे. भिंती दोन-अडीच फुटी. दुपारची आच त्या मातीतून आत येईपर्यंत संध्याकाळ होई. पुण्या-नाशिकच्या वाड्यांत चौक असे आणि चौकाभोवतीची ओसरी खोल्यांच्या भिंतींवर ऊन पडूच देत नसे. कोकणात हवा दमट, तेथे जाड भिंतीपेक्षा खेळता वारा महत्त्वाचा. म्हणून उतरती कौले, कौलांच्या फटीतून वर निघून जाणारी गरम हवा, चारी बाजूंनी पडवी. एकाच राज्यातील ही तीन घरे तीन वेगवेगळ्या हवामानांना दिलेली उत्तरे होती. आज चिपळूण, चाकण आणि चंद्रपूर या तिन्ही ठिकाणी एकाच नकाशाची इमारत उभी राहते.

अर्थात जुन्या घरांचे गोडवे गाताना एक तारीख विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडांच्या त्याच जाड भिंती, तीच जड माळवदे हजारो माणसांच्या अंगावर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यातील माणसाने मातीच्या छताखाली झोपण्याची धास्ती घेतली असेल तर त्याला कोण नावे ठेवील? शिवाय माळवद गळत असे, दरवर्षी त्यावर माती टाकावी लागे, घरात उजेड कमी असे. काँक्रीट लोकांनी हौसेने स्वीकारले तसे भयापोटी आणि सोयीपोटीही स्वीकारले, आणि ते स्वाभाविक होते. चूक झाली ती पुढे. मजबुती मिळविताना उष्णतेपासूनचे संरक्षण हातचे गेले, आणि ते दुसऱ्या मार्गाने परत आणण्याचा विचार ना अभियंत्यांनी केला, ना नगरपालिकांनी, ना घर बांधणाऱ्याने. तो अशक्य होता असेही नाही. इंग्लंडमधून येऊन केरळात आयुष्य घालविलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (निधन २००७) यांनी स्लॅबच्या आत मंगळुरी कौले घालून सिमेंट वाचविणारी आणि उष्णता अडविणारी छते रूढ केली. पोकळी ठेवून रचलेल्या विटांच्या भिंती वापरल्या. दोन्ही गोष्टी साध्या गवंड्याला जमण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रात त्यांची नावे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात, बांधकामावरच्या गवंड्याला नसतात.

सदनिकांच्या बाबतीत तर दोष अधिकच उघड आहे. पश्चिमेला मोठी काच लावून दर्शनी बाजू देखणी करायची, छज्जे गाळायचे, आणि आवाराच्या जाहिरातीत ‘हवेशीर’ हा शब्द टाकायचा. सरकत्या खिडकीची निम्मी चौकट कायमची बंद असते. जुन्या दोन झडपांच्या खिडकीतून जेवढा वारा येई त्याच्या निम्माच तिच्यातून येतो. उरलेली कसर रहिवासी स्वतः भरून काढतात. बाल्कनी आत घेऊन खोली मोठी केली की भिंतीवर सावली धरणारा एकमेव भाग नाहीसा होतो, आणि मग त्या मोठ्या झालेल्या खोलीसाठी मोठा एसी लागतो. बांधणारा इमारत विकून मोकळा होतो. वाढलेले बिल घेणारा पुढची तीस-चाळीस वर्षे भरतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत दिलेली आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने अशा नियमांच्या कक्षेत निवासी इमारती आणण्याची वाटही मोकळी केली. घर घेताना क्षेत्रफळ, वाहनतळ आणि पाण्याची चौकशी करणाऱ्या ग्राहकाने या संहितेबद्दल एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तरी बांधकाम व्यावसायिकांच्या कार्यालयांत बरीच शोधाशोध होईल.

पण जे घर बांधून झाले आहे, त्याचे काय करायचे? सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत जुनाही आहे. गच्चीला चुना. स्वच्छ झाडून-धुऊन घेतलेल्या गच्चीवर भिजवलेल्या चुन्याचे दोन-तीन हात द्यायचे, तो टिकावा म्हणून त्यात थोडा डिंक मिसळायचा. (चुना कालवताना डोळ्यांना जपावे, एवढीच दक्षता.) पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग ते पिऊन घेतो, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. अहमदाबाद, हैदराबाद येथील वस्त्यांमध्ये झालेल्या प्रयोगांत अशा परावर्तक छतांखालच्या खोल्यांचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरल्याचा अनुभव आहे. दोन अंश म्हणजे थोडे वाटतात. पण एसीचे तापमान एक अंशाने वाढवून ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे, आणि स्लॅबच थंड असेल तर ते तापमान वाढवून ठेवणे सुसह्य होते. ज्यांना दरवर्षी चुना नको, त्यांच्यासाठी पांढरे परावर्तक रंग आहेत, फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे ‘चायना मोझॅक’ आहे. गळतीसाठी म्हणून गच्चीवर उंच पत्र्याची शेड टाकणाऱ्या सोसायट्यांनाही तिचा एक फायदा नकळत मिळतो: स्लॅबवर सावली पडते आणि मधून वारा खेळतो.

छतानंतर पश्चिमेची खिडकी. आतून लावलेला जाड पडदा डोळ्यांना बरा वाटतो, पण काचेतून ऊन आत आले की उष्णता घरातच अडकते. पडद्यावर पडली काय आणि जमिनीवर पडली काय. ऊन काचेच्या बाहेर अडवावे लागते. बांबूच्या चटया, हिरवी जाळी, बाहेरून सोडलेली कनात, अंगणात जागा असेल तर त्या बाजूला कडुनिंब. विदर्भात वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत होती. त्याच तत्त्वावर आजचा कूलर चालतो. येथे हवामानाचा भेद लक्षात घ्यायला हवा. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत दीड-दोनशे वॉटचा कूलर जे काम करतो त्यासाठी एसीला पंधराशे वॉट लागतात. तोच कूलर मुंबई-रत्नागिरीत आणला तर घरात फक्त दमटपणा वाढतो. विदर्भ-मराठवाड्यात दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री सताड उघडाव्यात. कोकणात त्या दिवसाही उघड्याच बऱ्या. दूरचित्रवाणीवरून अख्ख्या राज्याला एकच सल्ला देणाऱ्यांना हा फरक बहुधा ठाऊक नसतो.

पंख्याची गोष्ट मात्र सर्व प्रदेशांना सारखीच लागू आहे आणि ती अजून पुरेशी पोहोचलेली नाही. छताचा जुना पंखा सत्तर ते ऐंशी वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा तीस वॉटच्या आसपास देतो. उन्हाळ्यात पंखा पंधरा तास फिरतो असे धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटे वाचतात, तीन पंख्यांमागे साठ. आणि ही साठ युनिटे वर सांगितल्याप्रमाणे महागड्या टप्प्यातली असतात. नव्या पंख्याची जास्तीची किंमत दोन-तीन उन्हाळ्यांत भरून निघते. एसी घ्यायचाच असेल तर तारांकन पाहावेच, पण तारांकनाच्या पट्टीवरचा कालावधीही पाहावा. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात. १ जानेवारी २०२० पासून एसी सुरू होताना मूळ तापमान २४ अंश असावे, असा नियम झाला. घरी आणल्यावर तो अठरावर नेऊन अंगावर गोधडी ओढून झोपण्याचा प्रकार सर्रास चालतो. गोधडी आणि एसी या दोन्हींचा खर्च एकाच रात्री करणारा समाज काटकसरी म्हणवतो, हे गमतीचे आहे. सव्वीस अंश आणि जोडीला मंद पंखा एवढ्यात बहुतेकांना शांत झोप लागते. बाकीच्या गोष्टी लहान आहेत: गिझरची कळ बंद, एसीची जाळी दर पंधरवड्याला धुतलेली, फ्रिज भिंतीपासून दूर, रात्रंदिवस तापत राहणारा सेटटॉप बॉक्स झोपताना बंद. ज्यांच्याकडे टीओडी मीटर बसले आहेत त्यांना २०२५ पासून दिवसाच्या, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली आहे. धुलाई यंत्र आणि इस्त्री त्या वेळेत उरकणे शहाणपणाचे.

एसी ही चैन आहे असे म्हणून हिणविण्याचे दिवस मात्र गेले. वृद्ध, हृदयरोगी, नवजात बालक यांच्यासाठी तो आता औषधाच्या जागी आहे. उपदेश करणाऱ्यांनी आपल्या वातानुकूलित दालनांतून इतरांना त्यागाचे धडे देऊ नयेत. प्रश्न एवढाच की स्लॅब चुना लावून थंड करता येत असताना तेच काम महागड्या विजेने का करावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ याच छताकडे पाहण्याची दुसरी दृष्टी देते. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉट वा अधिकसाठी एकूण ७८ हजार रुपयांचे अनुदान. एक किलोवॉटसाठी गच्चीची सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. फायदा दुहेरी आहे. पॅनेलखाली स्लॅबवर सावली पडते. स्वतंत्र घर आणि हाताशी थोडे भांडवल असलेल्यांनी याचा लाभ घ्यायलाच हवा. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठीही अनुदान आहे. एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत: बॅटरी नसलेली, वीजवाहिनीला जोडलेली ही यंत्रणा पुरवठा खंडित झाला की सुरक्षेसाठी आपोआप थांबते. भारनियमनावरचा तो उपाय नव्हे.

आणि ज्यांच्याकडे गच्चीच नाही, त्यांचे काय? शहरांच्या वस्त्यांत, ऊसतोड कामगारांच्या तळांवर, गावकुसाबाहेरच्या घरांत डोक्यावर असतो तो नुसता पत्रा. दुपारी त्याला हात लावता येत नाही. तेथे बिलाचा प्रश्न दुय्यम असतो. एक पंखा आणि एक दिवा यांच्यावर पहिला टप्पाही ओलांडत नाही. तेथे पणाला लागतात ती माणसे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन त्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधील छते पांढरी करण्याची मोहीम त्याला जोडली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. विदर्भाचा उन्हाळा पोटात घेऊन बसलेल्या महाराष्ट्राला यात मागे राहण्याचे कारण काय? पॅनेलसाठी हजारोंचे अनुदान देणाऱ्या शासनाला पत्र्यावरच्या पांढऱ्या रंगासाठी चार पैसे देणे जड जाऊ नये. काही महापालिका सौरयंत्रणा वा पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मालमत्ता करात सूट देतात. पांढऱ्या छताला ती सूट लागू करण्यासाठी केवळ एक ठराव लागतो. २०१६ पासून ग्रामीण भागात पंतप्रधान आवास योजनेची घरे उभी राहत आहेत. त्या घरांच्या अंदाजपत्रकात छताच्या परावर्तक लेपाची एक ओळ घातली, तर लाभार्थ्याला घराबरोबर त्या घरात दुपारी बसता येण्याची सोयही मिळेल. शाळा आणि अंगणवाड्यांची छते तर याच महिन्यात पांढरी करून घेण्यासारखी आहेत. वार्षिक परीक्षा त्याच छतांखाली व्हायच्या आहेत.

शहरी सोसायट्यांत अडचण पैशांची नसते, मनाची असते. गच्ची ही सामाईक मालमत्ता. तापते ती मात्र फक्त वरच्या मजल्यावर. चुन्याचा किंवा रंगाचा विषय सभेत निघाला की खालच्या मजल्यांवरचे सभासद ‘ज्याला त्रास त्याने खर्च करावा’ असे सुचवितात, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस निमूटपणे दुसरा एसी घेतो. त्या एसीची गरम हवा खालच्याच मजल्यांच्या खिडक्यांसमोर सोडली जाते, हे त्या सभेत कोणी बोलून दाखवीत नाही. मार्चअखेरीस हिशेब बंद होण्यापूर्वी बहुतेक सोसायट्यांत कार्यकारिणीची एक बैठक होतेच. शिल्लक निधीतून प्रवेशद्वाराला नवा रंग द्यायचा की गच्चीला, हे त्या बैठकीत ठरवता येते. चुना दिल्यानंतर तो नीट वाळायला दोन दिवस लागतात आणि पहिल्या पावसांत तो बराचसा धुऊन जातो. पाडव्याच्या आत तो दिला गेला, तर पूर्ण चैत्र आणि वैशाख त्याच्याखाली काढता येतात.